पाटीवरचा आकडा

६ मे, मंगळवार

डोरीन सकाळीच दारात! हातात फाइल, गळ्यात चष्मा. तीस वर्षं शाळा चालवलेली बाई, कुणाच्याही घरात वर्गात शिरल्यासारखी शिरते. बातमी चांगली आहे. आमच्या डनेगनचं लाकडी धान्यकोठार आता पाडणार नाहीत. जुनं वैभव म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. रंगाचं काम चालू आहे, एक जुलैला लोकांसाठी उघडणार.

"आणि मायरन, माणूस वर नेणाऱ्या त्या पाळण्याशेजारच्या फलकावरचा मजकूर तू लिहायचास. तू तिथला धान्य घेणारा एजंट, तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? रॉकेटची गोष्ट हवीच हं त्यात!"

हो म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

८ मे, गुरुवार

दहाची कॉफी, व्हेराच्या कॅफेत. तेच टेबल, तीच टाळकी, गव्हाचा भाव आणि एकमेकांची गुडघेदुखी. आर्विड लंगडत आत आला. वॉल्टरने लगेच कप उचलला — "या रॉकेटसाहेब! आज जमिनीवरच?"

सगळे हसले. आर्विडही हसला. मीही हसलो.

वॉल्टर हे रोज म्हणतो असं नाही. आठवड्यातून तीनदा धरू. चौतीस वर्षं. दर वेळी मी हसलोय. एकदाही गप्प बसल्याचं आठवत नाही, कारण गप्प बसलो तर कुणीतरी माझ्याकडे बघेल.

९ मे

फलक नको. डोरीनला सांगू का, डोळ्यांना दिसत नाही म्हणून? ती चष्मा आणून देईल.

१४ मे, बुधवार

अठरा वर्षांनी कोठारात पाऊल टाकलं. शेवटचा दाणा गेल्यावर कुलूप मीच घातलं होतं. आत तोच वास — कोरडी धूळ, जुनं पाइनचं लाकूड, थोडं उंदीर. कबुतरांनी वरचा मजला आपल्या नावावर करून घेतलाय. पोरं जाळी मारत होती. मला पाहून म्हणाली, "आजोबा, वर जायचंय? शिडीने जावं लागेल, पाळणा बंद आहे." मला सांगतात, पाळणा बंद आहे म्हणून!

पाळणा कोपऱ्यात तसाच आहे. एका माणसाला उभं राहण्यापुरती फळी, सत्तर फूट वर जाणारा दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलाची लोखंडं. जेवढं आपलं वजन, तेवढं लोखंड पलीकडे. तोल जुळला की लहान मूलसुद्धा दोर ओढून वर जाईल. पायाखालचा ब्रेक दाबला की पाळणा सुटतो, पाय उचलला की धरतो. लोखंड कमी असेल तर पाळणा खाली बसतो. जास्त असेल तर — जाऊ दे.

म्हणून आमच्याकडे पाटी. पाळण्याच्या दाराशी खिळ्याला टांगलेली. लोखंड कितीचं लावलंय तो आकडा जो लावेल त्यानेच खडूने लिहायचा. पाटीवर आकडा लिहिला म्हणजे शब्द दिला. मग कुणी लोखंडं मोजत बसत नसे. पाटी बघायची, आपलं वजन असेल तर चढायचं, नसेल तर लोखंड बदलायचं. माझ्या आधीच्या एजंटच्याही आधीपासूनची पद्धत.

पाटी अजून तिथेच आहे. अपघातानंतर कंपनीने पाळण्याला फळ्या ठोकल्या, त्यामुळे कुणाचा हात लागला नाही. धुळीखाली आकडा स्पष्ट दिसतो — २१५. माझं अक्षर. डोरीनने त्यावर काच बसवून घेतलीय.

"बघ, अगदी तसाच राहिलाय," म्हणाली. "मूळ पुरावा!"

बाहेर येऊन कठड्यावर बसलो. पोरांना वाटलं, म्हाताऱ्याला जुने दिवस आठवले. एकाने पाणी आणून दिलं.

१५ मे, गुरुवार

लिहूनच टाकतो. वही माझी, वाचणार कोण? बायको, स्टेफ्का, गेली. तिलाही कधी सांगितलं नाही.

जुलै १९८०. मला पंधरा दिवसांची रजा, स्टेफ्काच्या माहेरच्यांकडे तळ्यावर जायचं होतं. माझ्या जागी बदली म्हणून कंपनीने आर्विड लिंडस्ट्रॉमला पाठवलं. तिशीचा, काटकुळा, कान बाहेर आलेले. वजन एकशे चाळीस पौंड. मी दोनशे पंधरा. दोन दिवस त्याला काम दाखवलं. खरं तर दाखवण्यासारखं फार नव्हतं. गव्हाचा दाणा तो दाताखाली धरायचा आणि ओलावा सांगायचा — साडेतेरा टक्के, चौदा. मागाहून यंत्र लावलं की तोच आकडा! वॉल्टर बार्ली घेऊन आला होता, तो म्हणाला, "मायरन, तू तळ्यावरच राहा. इथे आता तुझं काय काम?" शेतकरी पोट धरून हसले. आर्विड कानापर्यंत लाल झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी त्याच्यासाठी म्हणून पाळणा लावून ठेवायला गेलो. पाटीवर १४० लिहिलं. लोखंड काढणार, तेवढ्यात बाहेर ट्रक आला. माप घेतलं, धान्य उतरवलं, आणि लोखंडाचं डोक्यातून गेलं. विसरलो. घरी गेलो, सामान बांधायला.

तासाभरात वॉल्टर धापा टाकत दारात. "तुझा बदलीवाला वर आपटलाय!"

आर्विडने पाटी पाहिली असणार. १४०, आपलंच वजन. चढला, ब्रेक दाबला, आणि पंचाहत्तर पौंड जास्तीचं लोखंड त्याला सत्तर फूट वर घेऊन गेलं. डोकं फुटलं, कंबरेचं हाड मोडलं. लोक त्याला फळीवर घालून बाहेर काढत होते. मी म्हणालो, धान्य वर चढवायची मोटार बंद करून येतो. आत गेलो. शर्टाच्या बाहीने १४० पुसलं. २१५ लिहिलं. अर्धं मिनिट लागलं असेल. मोटारही बंद केली.

तिसऱ्या दिवशी चौकशीला माणूस आला. पाटीवर २१५, लोखंडही २१५चं. म्हणजे एकशे चाळीसच्या माणसाने पाटी न बघता पाय ठेवला. त्याची चूक. आर्विडला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं, अजून आठवत नाही. इस्पितळात त्याने, चूक आपलीच, अशा कागदावर सही केली.

"मी असा कसा रे चढलो?" मला विचारलं होतं त्याने, डोक्याला पट्ट्या असताना. मी म्हणालो, "होतं असं."

होतं असं!

२२ मे, गुरुवार

घोडचूक केली. स्केटिंगच्या हॉलवर गेलो. आर्विड तिथला राखणदार — कंपनीने पुन्हा ठेवला नाही, गावाने दया म्हणून हे काम दिलं. उन्हाळ्यात बर्फ नसतो, कठड्यांना रंग देत होता. दुपारी दोघं मिळून बाहेर पडलो. त्याने कुलूप लावलं. ओढून पाहिलं. चार पावलं आलो, परत गेला, ओढून पाहिलं. गाडीपर्यंत आलो, पुन्हा गेला.

"तीनदा?" मी म्हणालो.

"तीनदा," म्हणाला. "माझं माझ्यावर बारीक लक्ष असतं, बाबा. तुला तर माहीतच आहे मी काय करून ठेवतो."

मग गाडीत, मी काही न विचारता, म्हणाला की इंगा नावाची एक मुलगी होती. अपघातानंतरही थांबायला तयार होती. हाच नाही म्हणाला. "शेगडी बंद केली का ते ज्याला धड सांगता येत नाही, त्याने घरात पोरं आणायची? एखाद्या दिवशी त्यांनाच काहीतरी झालं असतं." अगदी सहज म्हणाला. गारपिटीने पीक गेलं असं सांगावं तसं.

मला वाटत होतं मी त्याचा पाय घेतला. पाय तर काहीच नाही.

२९ मे

फलकाचा मजकूर. पहिला कच्चा — "घाईत पाटीकडे दुर्लक्ष झाल्याने..." फाडला. दुसरा — "एक दुर्दैवी चूक..." कुणाची? फाडला. तिसऱ्यात फक्त पाळण्याची उंची लिहिली.

३ जून, मंगळवार

डोरीनला तिसरा दाखवला. "अरे, हे काय! उंची कुणाला हवीय? लोकांना हसू आलं पाहिजे. रॉकेट हा आपल्या गावाचा माणूस आहे!" एक जुलैला आर्विड पाळण्यात बसणार (पक्का बांधलेला, घाबरू नकोस म्हणाली — मला!), मुलांना कागदी टोप्या, फोटो. आर्विड तयार आहे. नवा शर्ट घेतलाय म्हणे त्यासाठी.

स्टेफ्का दर ख्रिसमसला त्याच्यासाठी कोबीच्या गुंडाळ्या करायची, मोठं पातेलंभर. "बिचारा एकटा," म्हणायची, आणि पातेलं माझ्या हातात द्यायची. तीस ख्रिसमस मी ते पातेलं त्याच्या दारात नेऊन दिलं. तो दर वेळी म्हणायचा, "तुम्ही दोघं फार करता माझ्यासाठी."

११ जून, बुधवार

सांगायला गेलो. नक्की ठरवून. तो मागच्या अंगणात मुरंब्यासाठी ऱ्हुबार्बची आंबट देठं कापत होता. म्हणाला, बरं झालं आलास, ही पाटी धर — टोपली म्हणायचं होतं त्याला. मी दचकलो एवढंच. टोपली धरली. तासभर देठं धरून उभा होतो. मग त्याने कॉफी दिली. मग मुरंब्याची बरणी दिली.

बरणी घेऊन घरी आलो.

१२ जून

भित्रा. दुसरा शब्द नाही. बरणी उघडली नाही.

१९ जून, गुरुवार

कॅफेत वॉल्टर रंगात आला होता. एक जुलैची तयारी सांगत होता — मुलांच्या टोप्यांवर आकडा छापणार म्हणे, दोनशे पंधरा. "रॉकेट, खरं सांग, तुला आकडे वाचता येत नव्हते का रे तेव्हा?"

टेबल हसलं. आर्विड कपात बघत म्हणाला, "येत होते. त्या दिवशीच काय झालं, देवाला माहीत."

या वेळी मला हसू आलं नाही. उठलो. कॉफी अर्धी तशीच. मागून वॉल्टर — "याला काय झालं आता?" व्हेरा म्हणाली, "पित्त असेल."

२२ जून, रविवार

सांगितलं.

चर्चमधून सरळ त्याच्याकडे गेलो, टाय न काढता. तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा मुरंबा घेऊन आलो असतो. म्हणालो, "आर्विड, पाटीवर १४० होतं. मी लिहिलं होतं. तुला नेल्यावर मी ते पुसलं आणि २१५ लिहिलं."

सुरी हातातच राहिली. मग म्हणाला, "म्हणजे मी पाटी पाहिली होती?"

"पाहिली असणार. तू पाटी न बघता चढणाऱ्यातला नव्हतास."

"बघून चढलो."

"हो."

"बरोबर बघून चढलो."

"हो, आर्विड."

खुर्ची ओढून बसला. मला वाटलं ओरडेल, सुरी फेकेल. बरं झालं असतं. तो तोंडावर हात ठेवून बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. चौसष्ट वर्षांचा माणूस. मी उभाच.

"आणि लोखंड?" शेवटी म्हणाला.

"काढायचं होतं. ट्रक आला. विसरलो."

मान हलवली. म्हणाला, "जा आता. दोन-तीन दिवस येऊ नकोस. दिसलास तर मला काय होईल सांगता येत नाही."

गेलो. बटाट्यांची सालं जमिनीवर पडली होती, तीसुद्धा उचलावीशी वाटत होती.

२३ जून

काही नाही. वाट बघतोय.

२४ जून, मंगळवार

डोरीनला मी स्वतः सांगितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चौतीस वर्षं, मायरन?" एवढंच. पाचवीतल्या पोराला बाहेर उभं करावं तशी माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, टोप्या रद्द. फलक ती लिहील. मला लिहायची परवानगी नाही — तिचा शब्द, परवानगी.

गावभर झालं. पोस्टात कुणी बोललं नाही. योग्यच आहे. खरं सांगायचं तर बरं वाटलं, काटा निघाल्यासारखं.

२५ जून, बुधवार

आर्विड आला! चालत आला, गावाच्या त्या टोकापासून, लंगडत. पायरीवर बसला, आत येईना. मी शेजारी बसलो.

"पुसलंस ते वाईट केलंस," म्हणाला. "ते मला अजून गिळता येत नाही. बघू, जमेल तेव्हा जमेल."

मी म्हणालो, बरोबर आहे.

"पण विसरलास त्याचं मी तुला काही म्हणणार नाही. ते मी कसं म्हणू? विसरण्याच्या भीतीत माझा जन्म गेला. माणूस विसरतो. ट्रक येतो, कुणी हाक मारतं, झालं. तूही घाबरलास, पुसलंस. मीही कदाचित पुसलं असतं." मग हात पुढे केला. मोठा, रंगाचे डाग पडलेला हात. "विसरण्याचं माफ."

मी हात हातात घेतला. त्याला वाटलं मला रडू येतंय. येत होतंच.

२६ जून, गुरुवार

कॅफेत जायचं धाडस केलं. आर्विड आत आला तेव्हा वॉल्टर उठला. टोपी काढली. पन्नास वर्षांत वॉल्टरने टोपी फक्त कबरीपाशी काढलेली पाहिलीय. "आर्विड," म्हणाला — आर्विड! — "मी गाढव आहे." आर्विड म्हणाला, "ते आम्हाला आधीपासून माहीत आहे, बस." टेबल असं हसलं की व्हेरा आतून धावत आली.

मग वॉल्टर माझ्याकडे वळला. मी कप घट्ट धरला. "विसरतो माणूस," म्हणाला. "पण चौतीस वर्षांनी तोंड उघडायला छाती लागते." पाठीवर थाप मारली. व्हेराने सॅस्कटून बेरींची गोड पेस्ट्री आणून ठेवली, न मागता, मोठा तुकडा.

खाल्ला. आग्रह झाला म्हणून.

२८ जून, शनिवार

दुपारी फोन. आर्विड, मोठमोठ्याने — "मायरन! हॉल बंद केला. कुलूप ओढलं. एकदाच! चौकापर्यंत आलो, परत नाही गेलो!"

"शाबास," म्हणालो.

"तुझ्यामुळे रे."

फोन ठेवून तसाच उभा राहिलो. तुझ्यामुळे, म्हणे. लोक मला चांगला म्हणायला लागलेत. शिव्या खाताना झोप लागत होती, आता लागत नाही.

१ जुलै, मंगळवार

कोठार उघडलं. लाल रंग, दारावर नवा नामफलक, झेंडे, सॉसेज, सातशे माणसं — गावात राहतात शंभर. दूरदूरहून आले होते. आर्विडने नवा शर्ट घातला होता, निळ्या चौकड्यांचा. पाळण्यात बसला नाही. शेजारी उभा राहिला.

डोरीनने लिहिलेला फलक छान आहे. सरळ, स्वच्छ. "एजंटने आकडा लिहिला, पण लोखंड काढायचे राहून गेले." राहून गेले!

मग आर्विडने माइक मागितला. कुणालाच माहीत नव्हतं तो बोलणार आहे. म्हणाला, "या गावात मला एक मित्र आहे. त्याच्या हातून एकदा चूक झाली. मुद्दाम कुणी करत नाही अशी चूक. ती सांगायला तो माझ्या घरी टाय घालून आला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोरीनने रुमाल काढला. वॉल्टरने मला पुढे ढकललं, आर्विडने मला मिठी मारली, कुणीतरी फोटो काढला. फोटोत मी कसा दिसत असेन ते मला माहीत आहे.

२ जुलै

आर्विड सकाळी येऊन गेला, फोटो द्यायला. मी घरात होतो. दार उघडलं नाही.

ट्रक आला नव्हता. त्या सकाळी कुठलाही ट्रक आला नव्हता. या वहीतही मी खोटंच लिहिलं. १४० लिहिलं, लोखंडाकडे पाहिलं, आणि मुद्दाम तसंच ठेवलं. वाटलं, हातभर उडेल, घाबरून पाय उचलेल, ब्रेक धरेल. वॉल्टर बार्ली घेऊन येणार होता. 'तुझं काय काम' म्हणाला होता ना, त्याच्यासमोरच आर्विडची फजिती व्हावी, एवढंच हवं होतं मला.